परतीचा रकाना कोरा

ब्रिटिश हवाई दलाच्या प्रत्येक स्क्वॉड्रनला रोजची नोंदवही ठेवावी लागे. रात्रीच्या मोहिमेवर गेलेल्या प्रत्येक विमानाची त्या वहीत एक नोंद. विमानाचा प्रकार आणि क्रमांक, आत बसलेल्यांची नावे, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ आणि शेवटी हकीकत: ढग किती होते, लक्ष्य दिसले का, बॉम्ब किती उंचीवरून टाकले. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर स्क्वॉड्रनच्या या वह्या चाळताना मधूनच एखादी अशी नोंद लागते, की उड्डाणाची वेळ मिनिटासकट लिहिलेली आहे आणि उतरण्याचा रकाना कोरा आहे. हकिकतीच्या जागी एवढेच, की निघाल्यानंतर या विमानाकडून काही कळले नाही. त्याखाली कारकुनाने पुढच्या विमानाची नोंद सुरू केलेली असते.

आपल्या घरातला कुणी त्या नोंदीत असेल तर शोध तिथून सुरू होतो. घरात सापडणारा ऐवज सहसा थोडाच असतो. गणवेशातला एक फोटो, ‘हवाई मोहिमेनंतर बेपत्ता’ असे कळवणारी तार, स्क्वॉड्रनच्या प्रमुखाचे सांत्वनाचे पत्र. बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख जणांनी विमानातून कामगिरी केली आणि त्यांतले ५५,५७३ मेले, म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. सगळे स्वेच्छेने आलेले, बहुतेक विशी-बाविशीचे. लग्न झालेले थोडे, मुले असलेले त्याहून थोडे. म्हणून आज ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात हा शोध घेणारी माणसे बहुधा मुले-नातवंडे नसतात, पुतणे, भाच्या आणि भावंडांची नातवंडे असतात. ज्याला कधी पाहिले नाही अशा काकाचा किंवा मामाचा हा शोध असतो.

फोटो आधी नीट पाहावा. डाव्या खिशाच्या वर दोन पंख असतील तर तो वैमानिक. एकच पंख आणि शेजारी अक्षर असेल तर त्या अक्षरात त्याचे काम लिहिलेले आहे: ‘एन’ म्हणजे नॅव्हिगेटर, ‘एजी’ म्हणजे गनर, ‘ई’ म्हणजे फ्लाइट इंजिनिअर, ‘एस’ म्हणजे वायरलेसवाला. घरात वर्षानुवर्षे ‘आमचे काका पायलट होते’ असे सांगितले जात असते आणि फोटोतला काका विमानाच्या शेपटीतला गनर निघतो. यात कुणी खोटे बोललेले नसते. विमानात बसतो तो पायलट, एवढीच घरच्यांची समजूत असते.

नवखा माणूस नाव घेऊन शोधायला बसतो आणि दमतो. स्मिथ, जोन्स, टेलर ही नावे त्या दलात हजारोंनी होती. खरी किल्ली विमानाच्या क्रमांकात आहे. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे गेलात तर ते तुमचे नाव बाजूला ठेवून आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात, कारण नामावळी तशी लावलेली असते. इथे ते मूळ गाव म्हणजे विमान. प्रत्येक ब्रिटिश विमानाला कारखान्यातून निघतानाच अक्षरे आणि आकडे मिळून एक क्रमांक मिळे आणि तो शेवटपर्यंत बदलत नसे. मृत्यूची तारीख आणि स्क्वॉड्रन या दोन गोष्टी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत मिळतात. त्यांच्या आधारे स्क्वॉड्रनच्या वहीतली ती रात्र उघडायची. या वह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि आता घरबसल्याही पाहता येतात. एकदा क्रमांक हाती आला, की विमान कोणत्या कारखान्यात बनले, किती मोहिमांवर गेले, आधी कोणी चालवले आणि ते पाडल्याचा दावा कोणी केला, हे धागे एकेक करून सापडू लागतात. डब्ल्यू. आर. चॉर्ली या अभ्यासकाने तर आयुष्याची कैक वर्षे घालून बॉम्बर कमांडने गमावलेल्या विमानांची वर्षवार जंत्री अनेक खंडांत छापली. हे काम सुरू करणाऱ्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी.

विमानावर बाहेरून मोठ्या अक्षरांत लिहिलेली खूण मात्र वेगळी. दोन अक्षरे स्क्वॉड्रनची आणि एक विमानाचे, म्हणजे ‘एस फॉर शुगर’, ‘क्यू फॉर क्वीनी’ वगैरे. माणसांच्या आठवणीत आणि पत्रांत हेच लाडके नाव येते, आणि तेच फसवते. ‘क्यू’ पडले की काही दिवसांत नवे विमान येई आणि त्यालाही ‘क्यू’च म्हणत. एका वर्षात तीन-चार ‘क्यू’ होऊन गेलेले असायचे. आजोबांच्या पत्रातले ‘क्यू’ आणि फोटोतले ‘क्यू’ एकच, असे धरून चालणाऱ्यांनी भलत्याच विमानाचे इतिहास लिहिले आहेत.

आता त्या सात जणांकडे वळू. लँकेस्टर, हॅलिफॅक्स, स्टर्लिंग या चार इंजिनांच्या विमानांत साधारणपणे सात जण असत: पायलट, नॅव्हिगेटर, फ्लाइट इंजिनिअर, बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर आणि दोन गनर. त्यांची जुळणी कशी होई हे वाचले तेव्हा मी चकित झालो. ज्या दलात बुटाच्या नाडीलाही नियम होता, तिथे सहकारी निवडायला मात्र नियम नव्हता. प्रशिक्षण केंद्रात एका मोठ्या हँगरमध्ये इतके पायलट, इतके नॅव्हिगेटर, इतके गनर सोडून द्यायचे आणि सांगायचे, आपापले बघून घ्या. कुणी चेहरा पाहून, कुणी गावचा म्हणून, कुणी काल कँटीनमध्ये शेजारी बसला होता म्हणून जुळायचा. इंजिनिअर आणि दुसरा गनर मोठ्या विमानाचे प्रशिक्षण सुरू होताना येऊन मिळायचे. मग तीस मोहिमांची एक पाळी पूर्ण होईपर्यंत, किंवा त्याआधी जे घडेल ते घडेपर्यंत, हे सात जण एकत्र.

आपल्या माणसाचा शोध घेताना मी म्हणेन, बाकीच्या सहांचा शोध आधी घ्या. यामागे भावना आहेच, पण खरे कारण व्यवहाराचे आहे. क्रूमध्ये बऱ्याचदा एखादा कॅनेडियन किंवा ऑस्ट्रेलियन असे, आणि त्या देशांनी आपल्या मृतांची दप्तरे मोठ्या उदारपणे खुली केली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एका बेपत्ता गनरची फाईल उघडावी, तर तिच्यात सगळ्या विमानाची चौकशी असते. जर्मनांकडून रेडक्रॉसमार्फत आलेली मृतांची नावे, युद्धानंतर गावकऱ्यांनी दिलेले जबाब, कबरी उघडल्याचे अहवाल, सगळे. ब्रिटनच्या स्वतःच्या अपघात-मृत्यू फायली टप्प्याटप्प्याने खुल्या होत आल्या आहेत. तोवर ज्याचा नातेवाईक लँकशरचा, त्याला उत्तर मात्र मेलबर्नच्या माणसाच्या कागदांत मिळते.

दुसरे असे, की सातांतला एखादा पॅराशूटने वाचलेला असू शकतो. कैदेतून सुटून आलेल्यांकडून हवाई दल छापील प्रश्नपत्रिका भरून घेई: विमानाला आग कुठे लागली, उडी मारण्याचा हुकूम कोणी दिला, शेवटचे कोणाला पाहिले. कोऱ्या रकान्यामागची हकीकत क्वचित कुठे शब्दांत सापडते ती इथे. शिवाय विमान बेपत्ता झाल्यावर सातही घरांना एकमेकांचे पत्ते कळवले जात. अनोळखी आया एकमेकींना लिहू लागत, तुमच्याकडे काही कळले का? ती पत्रे सरकारी दप्तरात नसतात. दुसऱ्या एखाद्या क्रूवाल्याच्या भाचीच्या माळ्यावर असतात.

फसगतीच्या जागा आणखीही आहेत. रात्रीच्या मोहिमेला दोन तारखा असतात. विमान ३० मार्चला संध्याकाळी निघते आणि ३१ मार्चला पहाटे पडते, त्यामुळे एकाच विमानातल्या दोघांच्या समाधीवर दोन वेगळ्या तारखाही आढळतात. यादीत सातऐवजी आठ नावे दिसली तर दचकू नये. नव्या पायलटला स्वतःचा क्रू घेऊन जाण्याआधी अनुभवी पायलटबरोबर एखाद-दुसरी खेप करावी लागे, तो आठवा. आणि समाधी जिथे आहे तिथेच विमान पडले असे अजिबात समजू नये. जर्मनीत गावोगावच्या स्मशानांत पुरलेले हवाई सैनिक युद्धानंतर उचलून मोठ्या दफनभूमींत एकत्र आणले. राइशवाल्डच्या जंगलातल्या एकाच दफनभूमीत सुमारे चार हजार हवाई सैनिक आहेत, आणि त्यांची विमाने पडली ती पश्चिम जर्मनीभर.

हे उचलून आणणाऱ्यांची गोष्ट स्वतंत्र पुस्तकाची आहे, पण थोडे सांगायलाच हवे. युद्ध संपले तेव्हा ब्रिटिश हवाई दलाचे सुमारे ४२ हजार लोक बेपत्ता म्हणून नोंदलेले होते. त्यांच्यासाठी ‘मिसिंग रिसर्च अँड एन्क्वायरी सर्व्हिस’ नावाची शाखा उभी केली. तिचे अधिकारी जीप घेऊन युरोपभर फिरले, पाद्री, पोलीसपाटलासारखे गावकारभारी आणि शेतकऱ्यांना विचारत, कबरी उघडत. ओळख पटवायला त्यांच्याकडे काय होते? इंजिनावरचा क्रमांक, मशीनगनवरचा क्रमांक, बाहीवरच्या पट्ट्या, बुटाचे माप आणि कपड्यांवरची धोब्याची खूण. होय, तीच धोबीखूण, जी आपल्याकडे कॉलरच्या आत मिळते. धरणे फोडणाऱ्या प्रसिद्ध मोहिमेचा नेता गाय गिब्सन सप्टेंबर १९४४ मध्ये नेदरलँड्समधल्या स्टेनबर्गन गावी पडला, तेव्हा अवशेष इतके थोडे होते की आधी एकच माणूस मेला असे वाटले. मग तिसरा हात सापडला. दुसरा मृत गिब्सन आहे हे कळले ते एका मोज्यावरच्या खुणेवरून. पुढच्या काही वर्षांत या शाखेने ४१,८८१ बेपत्तांपैकी २३,८८१ जणांच्या समाध्या निश्चित केल्या, ९,२८१ समुद्रात गेले असे ठरवले, आणि ८,७१९ जणांचा पत्ता लागला नाही. ज्यांना समाधी नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे टेम्सकाठच्या रनिमीड स्मारकावर कोरलेली आहेत. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथ यांनी त्याचे अनावरण केले.

त्या स्मारकावरच्या एका क्रूची गोष्ट पाहा. २९ मार्च १९४३ च्या रात्री ३२९ विमाने बर्लिनवर गेली. २१ परतली नाहीत. त्यांत २१८ स्क्वॉड्रनचे, इंग्लंडमधल्या डाउनहॅम मार्केटच्या तळावरून निघालेले एक स्टर्लिंग होते, क्रमांक बीके ७१६. सात जण. काहीच कळले नाही. स्टर्लिंग हे ब्रिटनचे या युद्धातले पहिले चार-इंजिनी बॉम्बर, पण उंची गाठण्यात लँकेस्टरच्या मागे, त्यामुळे तोफांना आणि रात्रीच्या लढाऊ विमानांना जास्त सापडणारे. पासष्ट वर्षे गेली. २००८ मध्ये नेदरलँड्सच्या मार्करमेर सरोवरात एका बोटीचा नांगर तळाशी अडकला आणि ओढून काढला तर त्याबरोबर विमानाच्या चाकाच्या सांगाड्याचा तुकडा आला. विमान स्टर्लिंग आहे हे ठरले. कोणते? सुरुवातीला सगळ्यांचे मत पडले की बीके ७१०. बरीच वर्षे तेच धरून चालले, दुसऱ्याच सात घरांना आशा लागली. पुढच्या शोधात सिगारेटची एक डबी मिळाली. तिच्यावरची आद्याक्षरे ७१० च्या क्रूमध्ये कोणाचीच नव्हती. ती ७१६ मधल्या एकाची होती.

एका अंकाचा फरक. पण हीच चूक आपण घरी बसून, अंधुक छायाप्रतीतला ‘०’ की ‘६’ वाचताना किती सहज करू! २०२० च्या शरद ऋतूत ते विमान तळातून काढले गेले आणि चिखल चाळून मानवी अवशेष गोळा केले गेले. डच सरकारने असे अवशेष आत असण्याची शक्यता असलेल्या तीस ते पन्नास विमानांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमच आखला आहे. त्या छोट्या देशात युद्धकाळात पाच हजारांवर विमाने पडली. समुद्र हटवून जमीन केली तेव्हा त्यांतली कित्येक चक्क शेतात निघाली. २०२३ मध्ये त्याच कार्यक्रमात आयसलमेर सरोवरातून लँकेस्टर ईडी ६०३ बाहेर आले. त्याच्या सातांपैकी चौघांचे देह १९४३ मध्येच किनाऱ्याला लागले होते, तिघांची वाट अजून पाहिली जात होती.

विमान कसे पडले हे प्रत्येकाला हवे असते, आणि इथे माझा सल्ला आहे: हात आखडता घ्या. जर्मन लढाऊ वैमानिकांचे दावे वेळ आणि जागेसकट छापून आले आहेत, आणि त्यांतला एखादा आपल्या विमानाशी जुळवण्याचा मोह दांडगा असतो. पण ज्या रात्री पन्नास-साठ विमाने एकाच पट्ट्यात पडली, तिथे दहा मिनिटे आणि वीस किलोमीटरच्या फरकाने चार दावे जुळू शकतात. ३० मार्च १९४४ च्या न्यूरेम्बर्गच्या रात्री तर ९५ विमाने गमावली. शिवाय जर्मनांनी लढाऊ विमानात वर रोखलेल्या तोफा बसवल्या होत्या. ते पोटाखाली येऊन गोळ्या झाडत आणि बॉम्बरमधल्यांना शेवटपर्यंत कळत नसे, त्यामुळे परतलेले साक्षीदारही ‘हवेतच फुटले’ एवढेच सांगत. ‘बहुधा’ हा शब्द या कामात कमीपणाचा नाही.

आणखी एक गोष्ट, जी असे शोध घेणारे पुष्कळदा टाळतात. स्क्वॉड्रनच्या वहीत बॉम्बचे वजन आणि प्रकारही लिहिलेले असतात: स्फोटक किती, आग लावणारे किती. ते खाली कुठे पडले हेही शोधता येते, कारण जर्मन शहरांनी आपापल्या नोंदी ठेवल्या होत्या. जुलै १९४३ मध्ये हँबर्गवर आठवडाभरात झालेल्या हल्ल्यांत ३५ ते ४० हजारांच्या दरम्यान माणसे मेली. आपला काका त्या आठवड्यात वर होता का, हे त्याच्या उड्डाणवहीत, म्हणजे लॉगबुकात, दिसते. ते पान उलटून पुढे जाणे मला पटत नाही. त्याचे धैर्य खरे आणि ती आगही खरी. चौकशी करायचीच तर दोन्हींची.

लॉगबुकाबद्दल थोडे सविस्तर सांगतो. प्रत्येक वैमानिक आणि विमानातला प्रत्येक जण आपली वही स्वतः लिही, आणि रात्रीची उड्डाणे लाल शाईने लिहायची पद्धत होती. पाने लाल होत जातात आणि एका पानावर थांबतात. त्याखाली बहुधा दुसऱ्याच हस्ताक्षरात ‘बेपत्ता’. मृतांच्या वह्या हवाई दलाने गोळा करून घरच्यांना देऊ केल्या होत्या. पण ज्या कोणी मागितल्या नाहीत, त्या १९६० च्या सुमारास, नमुन्यादाखल थोड्या ठेवून, सरळ नष्ट करण्यात आल्या. जागेची अडचण, दुसरे काय! दप्तराचे शत्रू वाळवी आणि जागेची अडचण, हे पुण्या-मुंबईच्या संशोधकाला वेगळे सांगायला नको.

आपला या सगळ्याशी संबंध वाटतो तेवढा दूरचा नाही. लंडनच्या हेंडन भागातल्या हवाई दल संग्रहालयात उभे असलेले लँकेस्टर आर ५८६८ हे शंभराहून अधिक मोहिमा करून परत आलेले विमान आहे. ते ८३ स्क्वॉड्रनकडे असताना त्यातून उडालेल्या नॅव्हिगेटरांत मुंबईचे शैलेंद्र एकनाथ सुखटणकर होते. रात्रीच्या अंधारात पुढे जाऊन लक्ष्यावर रंगीत खुणेचे गोळे टाकणाऱ्या ‘पाथफाइंडर’ दलातले. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉसचे मानकरी. ते वाचले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वॉड्रन दोन आसनी व्हेंजन्स बॉम्बर चालवत होत्या. तिथल्या आकाशात हरवून समाधी न मिळालेल्या हवाई सैनिकांची नावे शोधायची तर दिल्लीत नव्हे, सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर पाहावी लागतात. अरुणाचलच्या डोंगरांत २५ जानेवारी १९४४ ला हरवलेले ‘हॉट अ‍ॅज हेल’ हे अमेरिकी लिबरेटर २००६ मध्ये सापडले. अमेरिकी विमानांच्या बेपत्ता-अहवालात प्रत्येक इंजिनाचा आणि प्रत्येक मशीनगनचा क्रमांक लिहिलेला असतो, त्यामुळे डोंगरातला गंजका तुकडाही बोलू शकतो. आणि पुण्यात खडकीची युद्ध दफनभूमी आहे. तिथे सोळाशेहून अधिक समाध्या आहेत, पण तिथे विसावलेले बरेच जण पुण्यात मेलेले नाहीत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची देखभाल होण्यासारखी नव्हती, त्या तिथे हलवल्या.

तेव्हा घरात आजोबांची, पणजोबांची, कुणा मावसआजोबांची अशी एखादी पेटी असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देण्यापूर्वी उघडून पाहा. लाल शाईची वही निघाली तर प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोऱ्या पानांचाही. फोटोमागे लिहिलेली नावे आज उतरवून घ्या, वाचता येणारे वडीलधारे माणूस अजून घरात आहे तोवर. आणि पहिल्या पानावरून सुरुवात करताना माणसाच्या नावाआधी विमानाचा क्रमांक टिपा.